वरची खोली खाली आहे

पद्मजाबाईंनी एकवीस ठिकाणी 'खाली' हा शब्द खोडून 'रिकामी' केला होता, आणि एकविसाव्या ठिकाणी समासात लाल शाईनं, बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'लेखकमहाशय, वरची खोली खाली कशी असेल?' मी ते वाचलं आणि हातातली चहाची बशी कलंडली. चहा प्रुफांवर न सांडता माझ्या पायजम्यावर सांडला, एवढं नशीब. "काय सांडलं जी?" माझी बायको विनता स्वयंपाकघरातून म्हणाली. मी म्हणालो, "काही नाही." शनिवार होता, एकाहत्तर सालच्या डिसेंबरची चार तारीख. आदल्या संध्याकाळी लढाई सुरू झाली होती, आमच्या गल्लीतले सगळे रेडिओ एकाच वेळी खरखरत होते, आणि मी माझ्या सत्ताविसाव्या कादंबरीची प्रुफं मांडीवर घेऊन बसलो होतो. सोबत पुण्याचे माझे प्रकाशक रत्नाकरराव यांचं पत्र होतं. भाषा आमच्या पद्मजाबाईंकडून शुद्ध करून घेतली आहे, प्रुफं केवळ माहितीसाठी पाठवीत आहोत, गुरुवारी फॉर्म छपाईला जातील. गुरुवार म्हणजे नऊ तारीख. लढाईच्या दिवसांत गाड्यांचा भरवसा नव्हता, माझं पत्र पुण्याला पोचेपर्यंत पुस्तक छापून, शिवून, वाचनालयांच्या फळीवर जाऊन बसलं असतं. आणि ते पुस्तक माझं नसतं. या आधीची सव्वीस पुस्तकं तरी माझी होती का, असा प्रश्न मला पायजमा बदलता बदलता पडला, आणि त्याचं उत्तर मला आवडलं नाही.

परक्या गावच्या वाचकासाठी सांगून टाकतो. पुण्यात 'खाली' म्हणजे तळाशी. आमच्या जबलपुरात, चारी बाजूंनी हिंदी असल्यामुळे, मराठी घरांतही 'खाली' म्हणजे रिकामं. डबा खाली असतो, खुर्ची खाली असते, शनिवारी माणूससुद्धा खाली असतो. माझ्या कादंबरीत सराफ्यातल्या एका मराठी सोनाराचा खून होतो, आणि त्याच्या गादीखाली एक चिठ्ठी सापडते, 'वरची खोली खाली आहे. एकटेच या.' मुंबईहून आलेला पोलीस इन्स्पेक्टर ती वाचतो आणि घराला तळघर आहे असं समजून तीन प्रकरणं फरशी खणत बसतो. माझा डिटेक्टिव्ह भय्यासाहेब मात्र ओसरीवर बसून सुपारी कातरत असतो, आणि पाणी भरणारी बाई 'घडा खाली झाला' म्हणाली की त्याचा अडकित्ता थांबतो. चिठ्ठी सरळ होती. वरची खोली मोकळी आहे, या. सोनार इथलाच, त्याला ती कळली, तो वर गेला आणि मेला. मग लिहिणाराही इथलाच असला पाहिजे. आणि घरात एकच माणूस असा आहे जो शपथेवर सांगतोय, मी सोनाराचा पुण्याचा पुतण्या, जबलपुरात जन्मात पहिल्यांदा आलो. तो पुतण्या तोतया आहे, इथंच वाढलेला आहे, आणि तोच खुनी आहे. एका शब्दावर फासावर जातो. आता त्या चिठ्ठीत 'वरची खोली रिकामी आहे' असं छापलं तर इन्स्पेक्टर फरशी का खणतोय ते कोणाला कळणार नाही, भय्यासाहेबाचा अडकित्ता का थांबला ते कळणार नाही, आणि खुनी शेवटच्या पानावर मिशीला पीळ देत बसेल. पुण्यात एकदा ध चा मा झाला आणि माणूस मेला म्हणतात. इथं पुण्याच्या शुद्धलेखनानं खुनी सुटून चालला होता.

मी श्रीरंग बोरीकर. खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत चेकर. आणि रहस्यकथाकार 'हेमचंद्र' तो मीच, हे त्या वेळी माझं घर, रत्नाकरराव आणि एक सरकारी कागद यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. तो कागद म्हणजे लिहिण्याची परवानगी. एकसष्ट साली मी रीतसर अर्ज करून ती मिळवली होती आणि आईच्या ट्रंकेत तिच्या लग्नाच्या शालूखाली ठेवली होती. दहा वर्षांत सव्वीस पुस्तकं झाली. त्यांतला भय्यासाहेब मुंबईत समुद्रकाठी राहायचा, कारण रत्नाकररावांचं म्हणणं असं की डिटेक्टिव्ह मुंबईचाच लागतो. मी समुद्र पाहिलेला नाही. आमच्याकडे नर्मदा आहे, माझ्या आईचं नावही नर्मदा आहे, तेवढं पाणी मला पुष्कळ होतं. पण एका कॅलेंडरवरचा समुद्र बघून मी भय्यासाहेबाची खिडकी लिहिली. पहिल्या पुस्तकानंतर मुंबईच्या एका गृहस्थांचं पत्र आलं की त्या रस्त्यावरून समुद्र दिसणं अशक्य आहे, मध्ये तीन इमारती आहेत. दुसऱ्या पुस्तकात मी भय्यासाहेबाला मुकाट्यानं घर बदलायला लावलं. माझ्या 'काहून'चं पद्मजाबाई 'का' करत, 'बघून राहिला'चं 'बघत होता' करत, आणि मी ते मान खाली घालून सोसत असे. भाषा त्यांची, समुद्र त्यांचा, माझा फक्त खून. तरीही मी सुखी होतो, हे कबूल केलं पाहिजे. नागपूरच्या फलाटावर कोणी अनोळखी माणूस गाडी सुटत आली तरी हेमचंद्रचं पुस्तक मिटत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्याची बायको त्याला ओढत डब्यात नेत होती तेव्हा मला जगात दुसरं कोणी व्हावंसं वाटलं नाही.

लिहिण्याची माझी रीतही फॅक्टरीनंच मला दिली. आमच्या सेक्शनमध्ये आत जाताना झडती होते. माचिस, विडी, किल्ल्या हे तर नाहीच, पण कागदाचा कपटा आणि पेन्सिलीचा तुकडाही बाहेर ठेवावा लागतो. आत माझ्यासमोर तोफगोळ्यांच्या फ्यूजांचे ट्रे येत. माझ्या हातात एक गेज, म्हणजे मापाचं लोखंडी हत्यार. त्याला दोन टोकं. एका टोकात फ्यूजची मान सहज गेली पाहिजे, दुसऱ्या टोकात जाता कामा नये. गेली आणि गेली नाही, असं दोन्ही झालं की माल पास. हात आठ तास हेच करत, आणि डोकं खाली असे. आमच्या अर्थानं खाली. मी एकेका ट्रेवर एकेक प्रसंग ठेवायला शिकलो. पहिल्या ट्रेवर प्रेत, दुसऱ्यावर दार आतून बंद, सातव्यावर मोलकरणीची खोटी साक्ष. दुपारच्या भोंग्याला सगळं पहिल्यापासून मनात म्हणून बघायचं, जसं लहानपणी पाढे म्हणत असू. संध्याकाळी घरी आलो की वरच्या खोलीत बसून जेवणाआधी उतरवून काढायचं. बासष्टची लढाई आली, ओव्हरटाइम वाढला आणि माझं तिसरं पुस्तक सहा आठवड्यांत झालं. पासष्टला अकरावं, तेही तसंच. सीमेवर काय चाललंय याची काळजी मलाही सगळ्यांसारखीच असे, आमच्या हाताखालून जाणारा माल तिकडेच जात होता. पण लढाई आली की माझ्या पुस्तकांत खून वाढतात हे खरं आहे, आणि ते मी कोणाला सांगत नसे. सत्ताविसावं मात्र मी लढाईच्या आधी, शांततेत लिहिलं होतं. पहिल्यांदा भय्यासाहेबाला माझ्या गावी बोलावलं होतं, सराफ्याच्या बोळांतून हिंडवलं होतं, खोव्याची जिलबी खाऊ घातली होती. समुद्र नव्हता. कोणाला विचारायचं नव्हतं. ते पुस्तक लिहिताना मला पहिल्यांदा असं वाटलं की आता हे आपलं आपल्याला येतंय.

आणि तो शब्द माझा नव्हता, आईचा होता. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, विनतालाही अर्धंच सांगितलं आहे. अडतीस साल असेल, मी आठ वर्षांचा. माझी आत्या बेबीताई पुण्याला दिलेली. ती, तिचे यजमान आणि त्यांचे चार स्नेही भेडाघाट बघायला आमच्याकडे यायचे होते. आईनं वरची खोली तीन दिवस घासली. शेणानं सारवली, कोनाड्याला चुना दिला, स्वतःच्या माहेरून, शहपुऱ्याहून, दोन नव्या सतरंज्या मागवल्या. आई शहपुऱ्याची, तिच्या माहेरी मराठी बोलणारं ते एकच घर, शेजारपाजार सगळं हिंदी, तेव्हा तिची भाषा कशी असणार? पाहुणे टांग्यातून उतरले, सामान ओसरीवर आलं आणि आई पदर सावरून, अगदी मनापासून म्हणाली, "वरची खोली खाली आहे, तिथंच उतरा नं." मग बेबीताई म्हणाली, "अगं वहिनी, म्हणजे आधी वर चढायचं, मग खाली उतरायचं, की कसं?" आणि ते सगळे हसत सुटले. एकजण तर ओसरीच्या खांबाला धरून हसला. माझे वडील, शालिग्राम, तेही हसले. मला ते अजून माफ करता आलेलं नाही, आणि वडील जाऊन आता वीस वर्षं झाली. आईही हसली. पण तोंडावरचं हसू तसंच ठेवून ती आत गेली आणि पाणी गाळत बसली, गाळलेलं पाणी पुन्हा गाळत बसली. पाहुणे आठ दिवस राहिले. त्या आठ दिवसांत तिचा आवाज मी ऐकला नाही. पुढं पुण्याकडचं कोणीही घरी आलं की ती दोनच शब्द बोले, 'हो' आणि 'नाही'. घरात तिचं 'हाव' असायचं, पाहुण्यांसमोर 'हो'. मी आठ वर्षांचा पोरगा विचार करत राहिलो, हिला झालं काय, कोणी केलं, कशानं केलं? मार लागलेला दिसत नव्हता. हत्यार सापडत नव्हतं. सगळे साक्षीदार भले लोक होते. पुढं सव्वीस पुस्तकांत मी विष, सुरे, दोर आणि एकदा हार्मोनियमची तार वापरली, पण माझ्या डोक्यात पहिला गुन्हा तोच, आणि त्याचा तपास तेहेतीस वर्षं रेंगाळला होता. सत्ताविसाव्या पुस्तकात मी तो शब्द उचलला आणि आईच्या हातात परत दिला. ज्याला हसले, त्याच्याशिवाय खुनी सापडत नाही. आणि आता पद्मजाबाईंनी त्याच्यावर एकवीस वेळा लाल रेघ मारली होती. मला राग आला, खराखुरा, पोटातून, आणि इतक्या वर्षांनी आला म्हणून बरंही वाटलं.

रविवारी सकाळी मी तारघरात गेलो. फॉर्म घेतला आणि हिंदीतल्यासारखीच देवनागरी तार लिहिली. शब्द कमीत कमी, अर्थ पुरेपूर, लेखकाला काय सांगायचं. चिठ्ठीलाही मी सुटसुटीत 'नोट' म्हटलं. 'वरची खोली खालीच ठेवा. रिकामी नको. नोट बदलली तर खुनी सुटेल. छपाई थांबवा. हेमचंद्र.' खिडकीतल्या बाबूनं ती एकदा वाचली, चष्मा काढून पुन्हा वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आप कहाँ काम करते हैं, भैया?" मी अभिमानानं सांगितलं, फॅक्टरीत. दहा वर्षं डिटेक्टिव्ह डोक्यात बाळगणाऱ्या माणसाला तेव्हाच कळायला हवं होतं. लढाईचा तिसरा दिवस, फॅक्टरीतला माणूस, खोटं नाव, नोटा बदलायच्या, छपाई थांबवायची, खुनी सोडायचा. माझ्या पुस्तकात एखादं पात्र असं वागलं असतं तर मीच त्याला दुसऱ्या प्रकरणात पकडला असता. पण मी घरी आलो, शांतपणे जेवलो आणि माझी मुलगी सुनेत्रा हिला म्हणालो, "झालं, पोचलं पुण्याला." ती म्हणाली, "चलो अच्छा हुआ, बाबा. आता तरी आपण जेवताना प्रुफांकडे नका पाहू."

सोमवारी अकरा वाजता मला ट्रेवरून उठवून सिक्युरिटीच्या ऑफिसात नेलं. तिथले मुख्य साहेब फौजेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना सुभेदारसाहेब म्हणत. टेबलावर माझी तार होती. ती गेलेलीच नव्हती, हे पाहून मला घाम फुटला. लोकांना वाटलं असेल मी धरला गेलो म्हणून घाबरलोय. मी गुरुवारचा हिशोब करत होतो. सोमवार, मंगळवार, बुधवार. "ये हेमचंद्र कौन है?" सुभेदारसाहेबांनी विचारलं. मी म्हणालो, "मैं हूँ." "तो फिर बोरीकर कौन है?" "वो भी मैं हूँ." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "देखो, मराठी मुझे नहीं आती, पर इतना समझ में आ रहा है कि ऊपर का कोई कमरा खाली है. किसके लिए खाली रखा है?" मी बोलणार तेवढ्यात दारातून गुणवंत साहेब आत आले. हे आमच्याकडचे नवे अधिकारी, सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून बदलून आलेले, मराठीचं भाषांतर करायला त्यांना बोलावलं होतं. त्यांनी तार उचलली, भुवया वर केल्या आणि म्हणाले, "इसमें लिखा है, ऊपरवाला कमरा नीचे ही रखिए." सुभेदारसाहेब म्हणाले, "नीचे कहाँ? साफ लिखा है, खाली. खाली माने खाली." "खाली माने नीचे," गुणवंत साहेब म्हणाले. "कमरा नीचे कैसे रखेंगे, साहब? कोई संदूक है क्या?" "ते मला काय विचारता? लिहिलंय तसं सांगतोय. वरची खोली, खालीच ठेवा." "अरे भाई, खाली यानी जिसमें कोई न हो!" "मराठीत नाही!" "तो ये मराठी नहीं है?" "मराठीच आहे!" दोघंही तांबडे झाले होते. आणि मी, ज्याच्यावर हेरगिरीचा संशय होता तो मी, त्या खुर्चीवर बसून असा आनंदात होतो की सांगता सोय नाही. मी वर्षभर डोक्यात रचलेला खेळ माझ्या डोळ्यांसमोर, दोन शहाण्यासुरत्या साहेबांमध्ये, भरदिवसा खेळला जात होता. एकाच्या कानात तो शब्द गेला, दुसऱ्याच्या कानात गेला नाही. गेला आणि गेला नाही. माल पास होता. मला हसू आवरेना, आणि सुभेदारसाहेब दरडावून म्हणाले, "हँस क्यों रहे हो?"

मी म्हणालो, "साहेब, सांगतो. पण पहिल्यापासून सांगावं लागेल." प्रुफं घरी होती, कागद माझ्याजवळ चिटोराही नव्हता, पण कागदाची मला कधी गरज पडली नव्हती. मी डोळे मिटले, पहिला ट्रे समोर आला आणि मी सुरू झालो. सराफ्यातला बोळ, सोनाराचं घर, ती चिठ्ठी. हिंदीत सांगितलं, मध्येच मराठीत घसरलो, परत हिंदीवर आलो. इन्स्पेक्टर फरशी खणायला लागला तेव्हा दारातला शिपाई आत सरकला. तळघर न सापडता पाटावरवंट्याचा जुना, तुटका दगड सापडला तेव्हा सुभेदारसाहेबांनी खुर्ची पुढं ओढली. भोंगा झाला, कोणी उठलं नाही. भय्यासाहेबाचा अडकित्ता थांबतो तिथं मीही थांबलो. बाहेर कुठंतरी ट्रॉलीची चाकं वाजत होती ती ऐकू येत होती. मी सव्वीस पुस्तकं लिहिली, पण लोक माझ्या तोंडाकडे असे बघत आहेत, हे मी तोवर कधी अनुभवलं नव्हतं. लेखकाला हे सुख सहसा मिळत नाही, त्याच्या पाठीमागं वाचलं जातं. "फिर?" सुभेदारसाहेब म्हणाले. मी टेबलावरची तार त्यांच्याकडे सरकवली. "अरे फिर? चिठ्ठी किसने लिखी?" मी म्हणालो, "साहेब, तेच या तारेत आहे. ही तार बुधवारच्या आत पुण्याला पोचली नाही तर ते कोणालाच कळणार नाही. मलासुद्धा सिद्ध करता येणार नाही." गुणवंत साहेब इतका वेळ भिंतीकडे बघत होते. ते हळूच म्हणाले, "तो पुतण्या. पुण्याचा नाही तो. पुण्याचा माणूस असं लिहिणारच नाही." आणि मग, जणू स्वतःलाच, "मी असतो तर मीही फरशीच खणली असती." सुभेदारसाहेबांनी मांडीवर थाप मारली. पण माणूस फौजेतला, थाप मारून झाल्यावर म्हणाले, "काग़ज़?" शिपाई माझ्याबरोबर सायकलवरून घरी आला, आईनं ट्रंक उघडून शालूखालून एकसष्टची परवानगी काढून दिली, दुपारी तीनला ती टेबलावर पोचली. सुभेदारसाहेबांनी तारेच्या कोपऱ्यात सही केली आणि फोन उचलून म्हणाले, "जाने दो. हाँ, अर्जंट. नहीं नहीं, कोई जासूस नहीं है. जासूस इनका नौकर है." त्यानंतर ते मला फक्त एवढंच म्हणाले की पुढच्या वेळी तार लिहिण्याआधी आम्हाला दाखवत जा. मी सेक्शनमध्ये परत आलो आणि उरलेले ट्रे तपासले. एकही फ्यूज नापास करावा लागला नाही.

तार वेळेवर पोचली की नाही, हे मात्र मला दहा दिवस कळलं नाही. ते दहा दिवस मी कसे काढले हे विनताला विचारा. ती म्हणायची, "काहून असं करून राहिले जी? सारा देश तिकडच्या बातम्यांसाठी कान लावून बसला, अन् तुम्ही पोस्टमनसाठी." मला लाज वाटायची, आणि लाज वाटूनही मी पोस्टमनचीच वाट बघायचो. सोळा तारखेला संध्याकाळी लढाई जिंकल्याची बातमी आली, बोळातून लोक धावत सुटले, कोणी ढोलक काढलं. आणि त्याच गर्दीतून वाट काढत पोस्टमन आला. पद्मजाबाईंचं पत्र होतं, काळ्या शाईनं लिहिलेलं. 'लेखकमहाशय, तार मिळाली. अर्थ लागेना, म्हणून पुस्तक पहिल्यापासून वाचायला घेतलं. मी दहा वर्षं तुमची पुस्तकं तपासते आहे, पण शुद्धलेखन तपासणाऱ्याचं वाचन होत नाही, हे या निमित्तानं समजलं. खुनी मला सापडला. चूक माझी होती. एकवीसही ठिकाणी खाली पूर्ववत केलं आहे. ते वाक्यच पुस्तकाला नाव म्हणून द्यावं असं मी रत्नाकररावांना सांगितलं, आणि ते हो म्हणाले. ता. क. या पुस्तकातली सगळी काहून मी तशीच ठेवली आहेत.' मी ते पत्र डोक्याला लावलं आणि गल्लीत जाऊन ढोलकवाल्यापुढं नाचलो, एक्केचाळीस वर्षांचा, चष्मा लावलेला माणूस. लोकांना वाटलं बोरीकरबाबूंना देशाबद्दल फार वाटतं. वाटतंच. पण त्या संध्याकाळी मी दोन विजयांसाठी नाचत होतो, आणि खोव्याची जिलबी दोन वेळा वाटली.

फेब्रुवारीत पुस्तक आलं. वेष्टनावर नाव, वरची खोली खाली आहे. खाली, म्हणजे तळाशी, हेमचंद्र. मी ते आईच्या हातात दिलं. तिची नजर अधू झाली होती, ती अक्षरांवरून बोट फिरवत एकेक शब्द वाचत गेली, 'आहे'वर येऊन थांबली, आणि परत पहिल्या शब्दावर गेली. "काहून रे श्रीरंग," ती म्हणाली, "हे तर मी म्हटलं होतं." मी म्हणालो, "हाव." तिनं पुस्तक उघडलं नाही, पदरानं पुसलं आणि मांडीवर उलटं ठेवलं. मला वाटलं, चुकलो. जी गोष्ट ती तेहेतीस वर्षं मिटून बसली होती ती मी चव्हाट्यावर आणली, दुकानादुकानांत टांगली. लेखक स्वतःला काय समजतो! परत द्यायला निघालो होतो, आणि ज्याचं त्याला विचारलंही नव्हतं. तो सबंध आठवडा आई गप्प होती आणि मी ट्रेवर एकही प्रसंग ठेवू शकलो नाही.

पुढच्या रविवारी सकाळी गुणवंत साहेब आमच्या घरी आले. त्यांनी स्वतः पुण्याहून पुस्तक मागवलं होतं आणि त्यावर माझी सही हवी होती. फॅक्टरीत आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं, सुभेदारसाहेब तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत की या पुस्तकाची तार मी पास केली. गुणवंत साहेब ओसरीवर उभे होते, नीट इस्त्रीचा सदरा, हातात पुस्तक. घरात नातेवाइकांची गर्दी, सुनेत्राच्या मैत्रिणी, बसायला जागा नाही. मी विनताला खुणेनं सांगत होतो की खुर्ची आण. तेवढ्यात आतल्या दारातून आई बाहेर आली. पुण्याचा माणूस येणार हे तिला ठाऊक होतं, मीच सकाळी सांगितलं होतं. ती त्यांच्यासमोर उभी राहिली, पदर सावरला. आता ती 'हो' म्हणेल आणि आत जाईल, असं मी मनात म्हटलं. आई म्हणाली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "या नं साहेब. इथं काहून उभे राहिले? वरची खोली खाली आहे, तिथंच उतरा." सुनेत्रानं तोंडावर हात ठेवला. मी गुणवंत साहेबांकडे बघत होतो, त्यांच्या ओठांकडे, ते हलतात का, कसे हलतात. त्यांनी आईला वाकून नमस्कार केला, ओसरीच्या कडेला जोडे काढून ठेवले, "हाव आई," म्हणाले, आणि जिना चढू लागले.